जगातली सगळ्यात पॉवरफुल बंदूक: उत्तर गोळीत कमी, खांद्यात जास्त

सगळ्यात पॉवरफुल बंदूक कोणती असा विषय निघाला की पाच मिनिटांत चार नावं पुढे येतात. कोणी डेझर्ट ईगल पिस्तूल म्हणतो, कोणी बॅरेट रायफल, एके-४७ वाला एकजण ठरलेलाच, आणि मग एखादा थेट अमेरिकेच्या ए-१० या लढाऊ विमानाच्या नाकातली गन काढतो आणि बाकीचे गप्प. पण पॉवर म्हणजे नेमकं काय मोजायचं हे कोणी ठरवलेलंच नसतं, त्यामुळे प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर आणि वाद जिथल्या तिथे. म्हणून आधी मोजमापाचं बघून घेऊ, मग कोण कुठे बसतं ते कळत जाईल.

नेहमीचं माप म्हणजे नळीच्या तोंडातून बाहेर पडताना गोळीत किती गतिज ऊर्जा आहे, ज्यूलमध्ये. शाळेतलंच सूत्र: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. यातला तो वर्ग महत्त्वाचा. गोळी दुप्पट जड केली तर ऊर्जा दुप्पट, पण गोळी तेवढीच ठेवून वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट. आता काही आकडे, सगळे अंदाजे, कारण एकाच मापाची काडतुसं वेगवेगळ्या गोळ्यांची आणि कमीजास्त दारूची मिळतात. टार्गेट शूटिंगची साधी पॉइंट २२ (पॉइंटवाले आकडे म्हणजे गोळीची जाडी इंचात) म्हणजे १४० ज्यूल. पोलिसांकडचं ९ मिमी पिस्तूल ५०० च्या आसपास. ५.५६ मिमीची आर्मी रायफल १७५०, एके-४७ दोन हजार, जुनी ७.६२ नाटो रायफल ३३००. मग एकदम उडी: जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक डिझायनरने पहिल्या महायुद्धाच्या शेवटाकडे मशीनगनसाठी डिझाइन केलेलं पॉइंट ५० चं काडतूस, जे आज बॅरेटसारख्या रायफलमध्ये वापरतात, ते १७ हजार. आणि रशियन १४.५ मिमी, जे रणगाडे फोडायला बनवलं होतं, ते ३२ हजार.

आता डेझर्ट ईगल बघा. पिक्चर आणि गेममुळे हिचा दबदबा भयंकर. पॉइंट ५० वाल्या मॉडेलची गोळी साधारण १९ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४५० मीटर, म्हणजे ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या आत. एके-४७ ची गोळी ८ ग्रॅमला थोडी कमी, वेग ७१५, ऊर्जा दोन हजार. म्हणजे जवळपास सारखंच निघालं! मग डेझर्ट ईगल हातात उसळते आणि एके त्यामानाने शांत वाटते, असं का?

तर त्यासाठी दुसरं माप लागतं, संवेग. वस्तुमान गुणिले वेग, वर्ग वगैरे काही नाही. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की गोळीला जेवढा संवेग पुढे मिळतो तेवढाच बंदुकीला मागे मिळतो, यात सूट नाही. डेझर्ट ईगलच्या गोळीचा संवेग येतो साधारण ८.७, एकेचा ५.६ (किलोग्रॅम गुणिले मीटर प्रति सेकंद, पण युनिट सोडा). वर डेझर्ट ईगल दोन किलोची आणि एके चारेक किलोची. तेव्हा फक्त गोळीचा हिशोब धरला तरी पिस्तूल सेकंदाला चार मीटरच्या पुढच्या वेगाने मागे येतं आणि रायफल दीड मीटरच्या आत. त्यात रायफल खांद्याला टेकलेली, पिस्तूल मनगटावर. धक्का बसतो त्याला आपण पॉवर समजतो, ही इथली सगळ्यात मोठी गफलत. धक्का वेगळा, ऊर्जा वेगळी.

याच दोन मापांवरून पिक्चरमधला तो सीन पण निकालात निघतो, गोळी लागली की माणूस उडून काचेतून मागे पडतो तो. ९ मिमीच्या गोळीचा संवेग तीनच्या आत आहे. ७० किलोच्या माणसाला तो सगळाच्या सगळा दिला तरी त्याला सेकंदाला ४ सेंटिमीटर वेग मिळतो, म्हणजे नीट लक्ष दिल्याशिवाय कळणारही नाही. आणि समोरचा उडणार असेल तर गोळी झाडणारा पण तितक्याच जोरात मागे उडायला पाहिजे ना! तो कधी उडत नाही.

क्रिकेटचा बॉल घेतला तर हे अजून स्पष्ट होतं. बॉल १६० ग्रॅमचा, बॉलर ताशी १५० किलोमीटरने टाकतोय, म्हणजे सेकंदाला ४१-४२ मीटर. ऊर्जा करून बघा, १३९ ज्यूल येते. पॉइंट २२ च्या गोळीची १४०! सेम. आणि त्याच बॉलचा संवेग ६.७ च्या जवळ, म्हणजे एके-४७ च्या गोळीपेक्षा जास्त. तरी बॉल मांडीला लागला तर काळानिळा डाग पडतो, बॅट्समन थोडा लंगडतो आणि पुन्हा स्टान्स घेतो. फरक हा की बॉल तो सगळा मार मोठ्या भागावर पसरवून देतो आणि गोळी तेवढीच ऊर्जा साडेपाच मिलिमीटरच्या टोकावर घेऊन येते, म्हणून ती आत शिरते. म्हणजे नुसते ज्यूल सांगून काही कळत नाही, ते किती जागेवर उतरतात आणि उतरवणारी वस्तू किती टणक आहे हे पण लागतं. ही क्रिकेटची गोष्ट थोडी लक्षात ठेवा, पुढे एकदा लागेल.

आता ही ऊर्जा येते कुठून. काडतुसात पितळेची पुंगळी असते, तिच्या बुडाला प्राइमर, आत दारू, तोंडाला गोळी. चाप ओढला की प्राइमर पेटतो, दारू जळून गॅस होतो, आणि तो गॅस गोळीला नळीतून ढकलत नेतो. दारूचा स्फोट होतो असं सर्रास म्हणतात पण ती जळते, फक्त फार झपाट्याने, आणि किती झपाट्याने जळायचं हे दाण्यांचा आकार आणि वरचा लेप बदलून ठरवता येतं. रायफलमध्ये गोळी नळीत साधारण एक-दीड मिलिसेकंदच असते, तेवढ्यात सगळा खेळ आटोपतो.

आकड्यात बघायचं तर ७.६२ नाटोच्या काडतुसात साधारण तीन ग्रॅम दारू असते. एका ग्रॅममागे साडेतीन ते चार हजार ज्यूल धरले तर हातात ११ हजार ज्यूल आले आणि गोळीला मिळाले ३३००. म्हणजे तीस टक्के. बाकीचे काही नळी तापवण्यात गेले आणि उरलेले गरम गॅसबरोबर तोंडातून बाहेर, तो जो मोठा आवाज आणि झगझगाट दिसतो तो बऱ्याच अंशी वाया गेलेलाच माल आहे. तरी तीस टक्के म्हणजे वाईट नाही, बरीच साधी इंजिनं याच्याच आसपास घुटमळतात.

ढकलण्याचा जोर म्हणजे गॅसचा दाब गुणिले गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ. आधुनिक रायफलमध्ये दाब ४०० मेगापास्कलपर्यंत जातो, आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळपास चार हजार पट. ७.६२ च्या गोळीचं बूड अर्धा चौरस सेंटिमीटर पण नाही, तरी तिच्यावर क्षणभर पावणेदोन टनाच्या वर जोर येतो, आणि गोळी आहे साडेनऊ ग्रॅमची. पॉइंट ५० ला हाच जोर पाच टनांच्या घरात. म्हणजे पॉवर वाढवायची तर तीन वाटा आहेत: दाब वाढवा, नळी रुंद करा, किंवा नळी लांब करा म्हणजे गॅसला ढकलायला जास्त अंतर मिळेल. तिन्ही वाटा कुठेतरी अडतात, आणि कुठे अडतात हे बघण्यात खरी मजा आहे.

दाबाचं अडतं पितळेपाशी. नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) चांगल्या पोलादाचे असतात, ते अजून सोसतील, पण पुंगळीचं बूड मऊ पडतं, प्राइमर सैल होतो, आणि फार ताणलं तर तो सगळा गॅस चुकीच्या बाजूने म्हणजे बंदूकधाऱ्याच्या तोंडाकडे येतो. म्हणून वर्षानुवर्षं सगळ्या रायफल ४००-४५० मेगापास्कलच्या आत बसवलेल्या. अमेरिकन आर्मीने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिमीच्या काडतुसात या अडचणीवर एक सरळ उपाय काढला, पुंगळीचं बूड पोलादाचं आणि वरचं अंग पितळेचं, त्यामुळे दाब ५५० पर्यंत नेता येतो.

नळी लांब केली की वेग वाढतो, पण वेगाचंही वेगळंच दुखणं आहे. काळ्या दारूच्या जमान्यात कितीही भरली तरी गोळी सेकंदाला पाच-साडेपाचशे मीटरच्या पुढे फारशी जात नव्हती, म्हणून तेव्हा ताकद हवी तर गोळीच मोठी करायची, दुसरा मार्ग नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने बिनधुराची दारू काढली, १८८६ ला लेबेल रायफल आली आणि गोळ्या लहान होऊन पण ताकद वाढली. त्या वेगाच्या वर्गाची कृपा. पण तिलाही छत आहे. गॅसला गोळीबरोबर स्वतःलाही ढकलत न्यावं लागतं, त्यामुळे दारू दुप्पट केली की वेग दुप्पट होत नाही, जास्तीची दारू जास्तीच्या गॅसलाच पळवण्यात खर्च होते. शिवाय सुरुवातीच्या भागात नळी खरवडून निघते ते वेगळंच. १९३५ च्या पॉइंट २२० स्विफ्टने सेकंदाला १२०० मीटर गाठले होते आणि नळी लवकर खाते म्हणून तेव्हापासूनच तिचं नाव खराब. रणगाड्याच्या तोफेतून सुटणारा बाणासारखा गोळा १७०० च्या आसपास जातो, आणि दारूच्या जोरावर तिथपर्यंतच व्यवहारात बसतं. याच्या पुढे जायचं तर गॅसच हलका पाहिजे, हायड्रोजनसारखा. नासा असल्या गन वापरते, सेकंदाला सात किलोमीटरने बारीक कण सोडून यानाचं कवच टिकतं का बघायला. पण ती अख्ख्या हॉलभर पसरलेली मशीन असते, तिला बंदूक म्हणणं जरा जास्तच होईल.

राहिली नळी रुंद करायची वाट, म्हणजे मोठी गोळी मोठ्या नळीतून. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जुनी. १८६० च्या दशकात नाईलचा उगम शोधत आफ्रिकेत फिरणाऱ्या सॅम्युअल बेकरकडे टू-बोअर रायफल होती. बोअरचा हिशोब असा की एक पौंड शिशात त्या मापाचे किती गोळे बसतात, तर इथे दोन, म्हणजे एकेक अर्ध्या पौंडाचा, २२७ ग्रॅम! खांद्यावरून झाडायची. तिचं लाडाचं नाव होतं बेबी आणि ती उडवायची बेकरला स्वतःलाच धास्ती वाटायची. साधारण त्याच काळात बदकं मारायला पंट गन वापरत, दोन इंचापर्यंत नळी आणि एका बाराला अर्धा किलो छर्रे, पण ती कोणी खांद्याला लावत नसे, होडीवर बसवायची आणि बार उडाला की होडीच मागे सरकायची. एका बारात पन्नासेक पक्षी. तो प्रकार बहुतेक ठिकाणी बंद झाला ते बरंच झालं.

आणि इथे या सगळ्या विषयाची गाठ आहे. बंदुकीच्या पुढच्या टोकाला ताकद हवी तेवढी वाढवता येते, प्रश्न मागच्या टोकाचा. तिथे माणूस आहे, त्याच्याकडे एक खांदा आहे आणि तो खांदा १८६० ला होता तसाच आज आहे.

दोन काडतुसं शेजारी ठेवून बघू. एक ७०० नायट्रो एक्सप्रेस, हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९८८ मध्ये आणलेलं, हत्तीच्या शिकारीच्या जुन्या परंपरेतलं. गोळी ६५ ग्रॅम, वेग ६१० मीटर. दुसरं आपलं पॉइंट ५०, गोळी ४३ ग्रॅम, वेग ८९० मीटर. संवेग काढा: पहिल्याचा साडेएकोणचाळीस, दुसऱ्याचा अडतीसच्या वर. जवळपास सारखाच, म्हणजे गोळीपुरता धक्का सारखा. पण ऊर्जा काढा, पहिल्याची १२ हजार आणि दुसऱ्याची १७ हजार. तोच मार खाऊन पाच हजार ज्यूल जास्त! म्हणून सैन्याने जड आणि हळू गोळी सोडून हलकी आणि वेगवान गोळी धरली, तेवढ्याच खांद्यात जास्त काम होतं. ७०० नायट्रो माझ्या मते हौसेची वस्तू आहे, छान बनवलेली, कारागिरी बघत बसावी अशी, पण हौसच.

खांद्याची मदत करायला दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वजन. बॅरेट चौदाएक किलोची असते ते काही पोलाद स्वस्त पडतं म्हणून नाही. दुसरी मझल ब्रेक, नळीच्या तोंडावरचा तो भोकांचा डबा. बाहेर पडणारा गॅस तो बाजूला आणि थोडा मागे वळवतो, गॅस मागे गेला की बंदूक पुढे ओढली जाते आणि धक्क्यातला मोठा हिस्सा कमी होतो. जेवढी दारू जास्त तेवढा ब्रेक जास्त कामाचा. मात्र तो सगळा धमाका आता शेजारी उभ्या असलेल्यांच्या कानाकडे येतो, त्यामुळे झाडणारा खूश आणि बाजूचा हैराण.

या सगळ्या युक्त्या टोकाला नेल्या की तयार होते ९५० जेडीजे. जे. डी. जोन्स या अमेरिकन बंदूक बनवणाऱ्याचं हे काम. नळी २४ मिमीची, गोळी २३० ग्रॅम, वेग सेकंदाला ६७०, ऊर्जा ५० हजार ज्यूलच्या वर! रणगाडे फोडणाऱ्या १४.५ च्या दीडपट. कागदावर बघितलं तर खांद्याला लावायच्या रायफलमध्ये हिच्यासमोर फारसं कोणी टिकत नाही. आता मागचा हिशोब: संवेग १५४. साध्या चार किलोच्या रायफलमधून ही गोळी झाडली असती तर रायफल सेकंदाला ३८ मीटरने, म्हणजे ताशी १४० किलोमीटरने मागे आली असती. फास्ट बॉलरच्या स्पीडने चार किलोचं लोखंड खांद्यावर. म्हणून ती बनवली ४०-५० किलोची, वर मोठा मझल ब्रेक, आणि टेबलावर टेकवूनच झाडायची. अशा अगदी मोजक्या रायफल बनल्या. आता जी उचलून दोन पावलं चालता येत नाही तिला खांद्यावरची बंदूक म्हणायचं का? नियमाने हो, मनाने मला नाही पटत. दुसऱ्या महायुद्धातली फिनलंडची लाहती एल-३९ पण अशीच, २० मिमी, पन्नासेक किलो, बर्फातून ओढत न्यायची. तिला फिनिश सैनिक हत्तीची बंदूकच म्हणत.

सैन्यात साधारण २० मिमीच्या आतलं ते स्मॉल आर्म्स आणि तिथून पुढे तोफ असं धरतात. ती रेघ ओलांडली की मग खांदा नाहीच, बंदूक कशावर बसवली आहे त्यावर सगळं. ए-१० ची ती प्रसिद्ध गन ३० मिमीची, सात नळ्यांची, मिनिटाला ३९०० गोळ्या. प्रत्येक गोळीत दोन लाख ज्यूलच्या आसपास. तिचा मागचा रेटा ४५ किलोन्यूटन, जो विमानाच्या एका इंजिनाच्या जोरापेक्षा थोडा जास्तच आहे. त्यावरून विमान हवेत थांबतं, उलटं जातं असल्या गोष्टी पसरतात, तसं काही होत नाही, दोन इंजिनं आहेत, विमान टनावारी जड आहे आणि फायरिंग एक-दोन सेकंदाचं. आणि अगदी वरच्या टोकाला जर्मनीची श्वेरर गुस्ताफ, ८० सेंटिमीटरची रेल्वे तोफ, १९४२ मध्ये सेव्हास्तोपोलवर वापरलेली. सात टनी गोळा सेकंदाला ७२० मीटरने, म्हणजे १८० कोटी ज्यूल. तोफेचं वजन १३५० टन, आणि ती जोडून उभी करायला शेकड्यांनी माणसं आणि कित्येक दिवस.

बरं, एवढी ऊर्जा घेऊन समोर काय होतं ते पण बघायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला करामोजो बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले (आज वाचताना अंगावर काटा येतो), आणि त्यातले बहुतेक ७ मिमीच्या रायफलने, जिची ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या आसपास. आजूबाजूचे शिकारी तिप्पट ताकदीच्या बंदुका घेऊन फिरत असताना! त्याने हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते बघून ठेवलं होतं, आणि त्याची गोळी लांबट, जड, पूर्ण धातूच्या कवचाची असायची, जी वाकडी न होता सरळ आत जायची. चिलखताचंही तसंच, शिशाची मऊ गोळी त्यावर चपटी होते आणि तेवढ्याच ऊर्जेची टंगस्टन गाभ्याची गोळी पलीकडे जाते.

अंतर वाढलं की चित्र अजून फिरतं. हवा गोळीला सतत अडवते, बोथट गोळीला जास्त आणि टोकदार लांबट गोळीला कमी. ९५० जेडीजेची बोथट गोळी दूर जाईपर्यंत तिची मिजास बरीच उतरते. २०१७ मध्ये कॅनडाच्या एका स्नायपरने इराकमध्ये ३५४० मीटरवरून नेम साधला तो पॉइंट ५० ने, नळीपाशी तिच्या तिप्पट ऊर्जा असलेल्या कुठल्या राक्षसी रायफलने नाही.

आणि म्हणूनच सैन्यांचा कल शंभर वर्षं उलट्या दिशेने राहिलाय. अमेरिकेने १९६० च्या दशकात ३३०० ज्यूलची रायफल सोडून १७५० वाली घेतली, जाणूनबुजून कमी ताकदीची, कारण काडतूस हलकं, धक्का कमी, नेम लवकर परत जागेवर येतो आणि तेवढ्याच वजनात जास्त गोळ्या नेता येतात. आता चिलखतं सुधारली तशी ती ६.८ मिमीची ताकदवान रायफल परत आली आहे, पण हिशोब काही चुकत नाही. जुन्या रायफलबरोबर सैनिक सात मॅगझिनमध्ये २१० गोळ्या नेत होता, नवीन रायफलबरोबर सातच मॅगझिन पण गोळ्या १४०, आणि तरी पाठीवरचं ओझं आधीपेक्षा जास्तच भरतं.